पंगतीतला दोन

धायरीला तेव्हा गाव म्हणायचं की पुणं, हे धायरीलाच नीट ठरवता येत नव्हतं. फाट्यावर पीएमटीची लाल बस थांबायची. तिच्या एका अंगाला कडब्याची बैलगाडी उभी असायची आणि दुसऱ्या अंगाला ‘तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिका’ असा रंगीत फलक. फाट्यावरून आत वळलं की विहीर, विहिरीपलीकडे गवारीचं वावर आणि वावराच्या कडेला पत्र्याच्या शेडांची एक लांब गल्ली. शहरात घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले होते, पण वीज पूर्वीसारखीच जात होती. त्यामुळे यूपीएस बनवणाऱ्यांना बरे दिवस आले होते. त्या गल्लीतल्या अशाच एका शेडमध्ये मुक्ताई खंदारे बोर्डावर वितळल्या कथिलाने सांधे जोडायची, म्हणजे सोल्डरिंग करायची.

तिचा हात चांगला होता. शेडचे फोरमन हिंमतराव मूळचे धायरीचेच. कौतुकाच्या बाबतीत हात आखडता असलेला माणूस, पण नव्या मुलींना ते मुक्ताईशेजारीच बसवायचे. मुक्ताई त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. बोर्ड उजेडाला धरायचा, कच्चा राहिलेला सांधा शोधायचा आणि तापलेली सोल्डरिंग गन फक्त तिथेच टेकवायची. जो सांधा धड बसला आहे त्याला पुन्हा हात लावायचा नाही, उगाच ताप दिला की चांगलं तेही बिघडतं. हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की घरीही ती तशीच वागायची. जिथे उणं दिसेल तिथे धावायचं, जे ठीक चाललंय त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

पण या हाताचे दिवस भरत आले होते. दिवाळीनंतर सोल्डरिंगला मशीन येणार होतं आणि बायकांपैकी काहींना नव्या टेस्टिंगच्या टेबलावर घेणार होते. परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि टेस्टिंगला बसणारी प्रत्येक व्यक्ती दहावी पास हवी, अशी त्यांची अट होती. मुक्ताई दहावी नापास होती. वाशिमकडच्या तिच्या गावी गणितात गेली, त्याच उन्हाळ्यात नागोरावांशी लग्न झालं आणि ते गणित तसंच राहून गेलं. मशीनची कुणकुण लागली तेव्हा तिने कोणाला न विचारता बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. मार्चमध्ये बसलीही. बाकीचे सगळे विषय सुटले, गणितात पुन्हा गेली. भूमितीत जेमतेम निभावलं होतं, बीजगणिताने पार बुडवलं.

माणसांची भरती पाहणारी प्रियदर्शनी मॅडम वयाने लहान आणि मनाने चांगली होती. मुक्ताईची गुणपत्रिका बघून ती हळहळली आणि म्हणाली, “मी तुमची सीट होल्ड करते ना मुक्ताई, पण ऑक्टोबरचा रिझल्ट फायनल हं. नंतर माझ्या हातात काही नसणार.”

नागोराव टेम्पो चालवायचे, स्वभावाने शांत. ते आपले म्हणाले, “काऊन एवढा जीव काढतेस? भेटंल दुसरीकडं काम.” दुसरीकडे काम मिळालंही असतं. पण जे गणित गावाकडे तिला अडवून बसलं होतं तेच इथेही दारात येऊन बसलं होतं, आणि या खेपेला त्याला ओलांडून जायचं असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मुलगी भाग्यश्री नववीत होती. ती म्हणाली, “आई, ऑक्टोबरमध्ये राहिलीस तर पुढच्या वर्षी आपण एकाच बाकावर बसू. मला कॉपी देशील ना?” मुक्ताईने तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी मुकाट्याने भांडी घासायला उठली.

आता शिकवणार कोण? तर शिकवणारी एक दिवस आपल्या पायांनी शेडमध्ये आली. हेमा सहस्रबुद्धे आयुष्यभर बीजगणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि नारायण पेठेतली जागा सोडून वडगावला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. मुलाच्या कॉम्प्युटरसाठी घेतलेला यूपीएस बंद पडला म्हणून तो रिक्षात घालून त्या थेट कारखान्यात आल्या. साधं कडक इस्त्रीचं पाचवारी सुती पातळ, हातात छत्री. हिंमतरावांसमोर यूपीएस ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, “वीज गेल्यावर हा चालावा अशी माझी समजूत होती. वीज असताना तर आमचा पंखाही चालतो.”

हिंमतरावांनी तो मुक्ताईपुढे सरकवला. तिने झाकण काढलं, बोर्ड उजेडाला धरला, एका सांध्याला गन टेकवली आणि यूपीएस सुरू झाला. बाई उभ्या राहून सगळं बघत होत्या. बाकीच्या सांध्यांना हात का लावला नाही, असं त्यांनी विचारलं. मुक्ताईने सांगितलं की ते चांगले आहेत. बाईंनी मान डोलावली. त्या बीजगणिताच्या बाई आहेत असं बोलण्याबोलण्यात कळताच मुक्ताईने गन खाली ठेवली आणि सरळ विचारलं, मला शिकवाल का?

“शिकवणं सोडलंय मी,” बाई म्हणाल्या. मग तिच्याकडे एकदा नीट बघून म्हणाल्या, “सुट्टी कधी असते तुम्हाला? इकडचे कारखाने गुरुवारी बंद असतात ना? या. उशिरा येणार असाल तर येऊ नका.”

मुक्ताई कधीच उशिरा गेली नाही. दर गुरुवारी सकाळी पाणी भरून, स्वयंपाक आटपून ती धायरी फाट्यावर बस पकडायची आणि बाईंच्या दारात उभी राहायची. पहिल्याच गुरुवारी बाईंनी एक सोपं समीकरण घातलं. क्ष छेद दोन अधिक क्ष छेद चार बरोबर अठरा. मुक्ताईने कागदाकडे पाहिलं आणि पेन न उचलता म्हणाली, “चोवीस.”

“कसं काढलं?”

“अर्धा आणि पाव म्हणजे पाऊण. चोवीस पाऊण अठरा.”

बाईंनी चष्मा काढला. पाऊणकी पाठ असलेलं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटत होतं. पूर्वी मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं घडाघडा यायचं. संध्याकाळी दिवेलागणीला पेठेतल्या गल्लीतून चालत गेलं की दर खिडकीतून एकेक पाढा ऐकू यायचा. ते आवाज कधी बंद झाले हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मुक्ताईचे वडील गेनबा बाजारात धान्य मापायचे. त्यांनी लेकीला मापं हाताळता हाताळता हे पाढे शिकवले होते, अगदी साडेतीनच्या औटकीपर्यंत.

“उत्तर बरोबर आहे,” बाई चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या. “आणि परीक्षेत याला एक गुण मिळेल. बाकीचे गुण पायऱ्यांचे आहेत, आणि पायऱ्या तुम्ही वडिलांच्या मापांपाशी ठेवून आलात.”

खरी अडचण पुढच्या गुरुवारी उघडी पडली. पाऊणकी सोप्या समीकरणाला पुरायची. जिथे दोन्हीकडे क्ष, दोन्हीकडे वेगवेगळे छेद, वर सुटे आकडे, तिथे डोक्यातल्या पाढ्यांची गर्दी व्हायची आणि हाती काही लागायचं नाही. त्यासाठी छेदच घालवून टाकायचे, असं बाईंनी शिकवलं. सगळ्या छेदांचा लसावि काढायचा, म्हणजे जिला सगळ्या छेदांनी पूर्ण भाग जातो अशी लहानात लहान संख्या. तिने दोन्ही बाजूंना गुणायचं. अपूर्णांक आपोआप निघून जातात आणि साधं सरळ समीकरण उरतं. मुक्ताईला हे पटलं. मग बाईंनी लिहून दिलं:

क्ष/३ + २ = क्ष/२ − १

मुक्ताईने लसावि सहा काढला. क्ष छेद तीनला सहाने गुणून दोन क्ष केले, क्ष छेद दोनला गुणून तीन क्ष केले. आणि लिहिलं: दोन क्ष अधिक दोन बरोबर तीन क्ष उणे एक. उत्तर आलं तीन.

बाईंनी तिला ताळा करायला लावला. क्षच्या जागी तीन घालून पाहिले तर डावीकडे तीन येत होते आणि उजवीकडे नुसता अर्धा. बाईंनी विचारलं, या दोनला आणि या एकला सहाने का गुणलं नाही?

मुक्ताई म्हणाली, “त्यांना छेदच नाही ना. ते धडच आहेत.”

“समीकरण धड नाही राहिलं,” बाई म्हणाल्या. “दोन्ही बाजूंना सहाने गुणायचं म्हणजे प्रत्येक पदाला गुणायचं. म्हणा.”

मुक्ताईने म्हटलं. बिनचूक म्हटलं. पुढच्या समीकरणात पुन्हा सुटा आकडा तसाच सोडला. त्याच्या पुढच्यातही. नियम तिला तोंडपाठ होता, पण लिहिताना हात आपोआप अपूर्णांकापाशी जायचा आणि धड आकड्यावरून पुढे निघून जायचा, अगदी बोर्डावर जायचा तसा. बाईंनी सुटा आकडा लाल शाईने गोल करून दिला तेव्हा तेवढ्यापुरतं जमलं. गोल नसला की पुन्हा तेच. श्रावण आला, श्रावण गेला. बाई एकदा वैतागून म्हणाल्या, “परीक्षकाला सांगू का, येताना लाल पेन घेऊन या म्हणून?”

त्या दिवशी मुक्ताई फाट्यावर उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण घरी गेल्यावर तिने जुनं कॅलेंडर खाली काढलं आणि त्याच्या पाठकोऱ्या पानांवर समीकरणं लिहायला घेतली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिच्याबरोबरच्या बायका भाजीपाला निवडत गप्पा मारायच्या आणि ही डब्याशेजारी कॅलेंडर पसरून बसायची. कोणी हसलं तर हसू द्यायची. भाग्यश्रीने एकदा चुपचाप तिच्या शेजारी बसून पानं तपासली आणि चुकांसमोर फुल्या मारल्या. इतक्या फुल्या बघून मस्करी करायची पोरीची हिंमतच झाली नाही. मुक्ताई म्हणाली, “मार फुल्या. भिऊ नको. चुकतंय कुठं ते दिसल्याशिवाय दुरुस्त कसं होणार?” आणि पान उलटून पुन्हा पहिल्यापासून लिहू लागली.

गणपतीत शेडमध्ये दरवर्षी सत्यनारायण असायचा. त्या दिवशी मशिनं पुसून गंध-फूल वाहायचं, टेबलं भिंतीला लावायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत समोरासमोर दोन पंगती बसायच्या. मालकापासून झाडणाऱ्यापर्यंत सगळे त्या पंगतीत. त्या वर्षी मसालेभात बायकांनीच केला होता आणि शिरा वाढायचं काम मुक्ताईकडे आलं. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा पातेल्यात शिरा कमीच उरला होता. मुक्ताई भरभर निघाली. जिथे पान रिकामं तिथे वाढायचं, जिथे शिरा अजून आहे ते पान ओलांडायचं. हिंमतरावांच्या पानात पहिल्या वाढीचा शिरा तसाच होता. ती पुढे गेली.

“मुक्ताबाई,” मागून हिंमतरावांचा आवाज आला. “मी काय पंगतीत न्हाय?”

आजूबाजूचे हसले. मुक्ताई वळून म्हणाली, की तुमच्या पानात आहे की अजून.

“आसंल. तरी वाढपी आला की पानापाशी वाकायचं. नको म्हणायचं काम माझं हाय, तुमचं न्हाय. आसा पंक्तिप्रपंच करायचा नसतो.”

हिंमतराव चेष्टेत बोलले खरे, पण त्यात थोडा रुसवाही होता. पंगतीत एकाला वगळणं म्हणजे केवढा अपमान, हे मुक्ताईला काय कोणी सांगायला हवं होतं? माहेरी तिच्या आईने अशा चुकीसाठी तिला सगळ्यांदेखत बोल लावला होता. ती मागे आली, वाकली. हिंमतरावांनी पानावर आडवा हात धरला आणि समाधानाने “नको” म्हणाले.

मुक्ताई पातेलं घेऊन तशीच वाकलेली राहिली. समोर दोन पंगती होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, मधून वाढप्याची वाट. रिकामी पानं, भरली पानं, सगळी एकाच ओळीत. आणि हिंमतरावांच्या पानाकडे बघता बघता तिला तो दोन दिसला. कॅलेंडरच्या पानापानावर ती ज्याला ओलांडून गेली होती तो धड, बिनछेदाचा दोन. त्याचं पोट भरलेलं होतं म्हणून ती त्याच्यापाशी थांबलीच नव्हती. पण तोही पंगतीतच बसला होता. सहा वाढायला निघालं की सगळ्यांना सहा. इकडच्या पंगतीला आणि तिकडच्या पंगतीलाही.

“वयनी, मठ्ठा येतोय का पंढरीला गेलाय?” कोणीतरी ओरडलं तशी ती सरळ झाली. उरलेली फेरी तिने एकही पान न वगळता पुरी केली. शिरा शेवटपर्यंत पुरला. बहुतेकांनी नकोच म्हटलं होतं.

त्या गुरुवारी बाईंनी घातलेलं एकही समीकरण चुकलं नाही. बाईंनी लाल पेन बाजूला ठेवलं आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. मुक्ताईने पंगतीची हकीकत सांगितली. बाईंनी कागदावरची समीकरणं पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. पण हे परीक्षेत लिहू नका. तिथे ‘दोन्ही बाजूंना सहाने गुणून’ एवढंच लिहायचं. परीक्षकाला कोणी जेवायला बोलावलेलं नाही.”

परीक्षेचं केंद्र शनिवार पेठेतल्या एका शाळेत होतं. वर्गाच्या दारात पर्यवेक्षकांनी मुक्ताईला अडवलं आणि पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं आहे असं सांगितलं. तिने हॉलतिकीट पुढे केलं. पर्यवेक्षकांनी फोटो पाहिला, तिला पाहिलं, आणि ते बाजूला झाले. मागच्या बाकावर मिसरूड फुटलेली दोन पोरं फिदीफिदी हसली. मुक्ताईने पदर खोचला आणि बाकावर बसली. बाक लहान होता, गुडघे टेकत होते.

सोपे प्रश्न तिने आधी उरकले. अपूर्णांकांचं समीकरण शेवटी होतं. कंसात क्ष अधिक तीन, छेद चार; त्यातून उणे, कंसात क्ष उणे एक, छेद सहा; बरोबर दोन. लसावि बारा. तिने पंगत डोळ्यांपुढे आणली आणि त्या शेवटच्या दोनपाशीही वाकली, चोवीस लिहिले. मग बारीक अक्षरात पुढच्या पायऱ्या केल्या:

३क्ष + ९ − २क्ष − २ = २४

उत्तर आलं सतरा.

बाईंचा दंडक होता, ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही. सतरा घालून पाहिले. सतरा आणि तीन वीस, वीस छेद चार पाच. सतरातून एक गेला सोळा, सोळा छेद सहा. इथेच अडलं. पाचातून ते वजा केलं तर दोनच्या वर एक तृतीयांश उरत होतं. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोनला तर आपण वगळलं नव्हतं, मग उपाशी राहिलं कोण?

पंधरा वर्षांपूर्वी वाशिमकडच्या शाळेत ती अशाच एका ओळीपाशी थांबली होती आणि पेपर तसाच ठेवून उठली होती. पर्यवेक्षक पुरवण्या बांधून ठेवायला सांगू लागले. मागची पोरं उठून गेली. मुक्ताई उठली नाही. तिने उत्तरपत्रिका खिडकीच्या उजेडाला धरली, बोर्ड धरायची तशी, आणि पहिल्या ओळीपासून एकेक चिन्हावरून बोट फिरवत आली. तीन गुणिले क्ष, बरोबर. तीन त्रिक नऊ, बरोबर. मग दुसरा कंस. बाहेर उणे दोन, आत क्ष उणे एक. क्षला तिने उणे दोन दिले होते. आणि मागच्या एकाला? त्याला नुसता दोनच दिला होता, दोनबरोबर निघालेलं उणे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. कंसातही दोघे बसलेले होते, आणि ती पहिल्याचंच पान बघून पुढे गेली होती. एकाच्या अंगचं उणे आणि वाढायला आलेलं उणे मिळून अधिक व्हायला हवं होतं.

तिने चुकलेल्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली आणि खाली नव्याने लिहिलं:

३क्ष + ९ − २क्ष + २ = २४

क्ष अधिक अकरा बरोबर चोवीस. क्ष बरोबर तेरा. ताळा: सोळा छेद चार, चार. बारा छेद सहा, दोन. चारातून दोन गेले, दोन. तिने उत्तराखाली दोन रेघा मारल्या. पर्यवेक्षक हात पुढे करून उभेच होते. “झालं का बाई?” त्यांनी विचारलं, आणि मुक्ताई म्हणाली, “आता झालं.”

दिवाळी झाली. मशीन आलं, कापडात गुंडाळलेलं, आणि सोल्डरिंगची टेबलं एकेक करून शेडबाहेर गेली. ज्या बायका दहावी पास होत्या त्या टेस्टिंगला बसल्या, बाकीच्या निघाल्या. मुक्ताईला प्रियदर्शनीने तोवर खोकी भरायच्या कामाला लावलं. टेस्टिंगच्या टेबलापाशी एक स्टूल रिकामं होतं. मुक्ताई जाता येता त्याच्याकडे बघायची नाही, पण ते कुठे आहे हे तिला न बघताही ठाऊक असायचं.

थंडी पडायला लागली आणि निकाल लागला. गणित सुटलं होतं, आणि बीजगणिताचे गुण भूमितीपेक्षा बरेच वर होते. प्रियदर्शनीने गुणपत्रिकेची झेरॉक्स फायलीत लावली, स्वतः जाऊन स्टुलावरची धूळ पुसली आणि म्हणाली, “मंडेपासून बसा. पण आज सुट्टी घ्या, खरंच.” हिंमतराव नुसते घसा खाकरून म्हणाले, की आता नव्या पोरींना कुणापाशी बसवायचं?

मुक्ताईने फाट्यावरून पेढे घेतले आणि वडगावची बस पकडली. गुरुवार नव्हता, तरी बाई घरातच होत्या. त्यांनी गुणपत्रिका खिडकीपाशी नेऊन वाचली, वरपासून खालपर्यंत, आणि परत करताना म्हणाल्या, “भूमितीत असे कमी का? ती पण शिकायची होती की.”

“तुम्ही कुठं शिकवली?” मुक्ताई म्हणाली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच बाईंना उलट बोलली. बाईंना हसू आलं आणि ते लपवायला त्या आतून पाणी आणायला गेल्या.

बाई पाणी घेऊन येऊन बसल्या तशी मुक्ताईने पेढ्यांचा पुडा सोडला. बाईंना साखरेचा आजार होता, हे तिला माहीत होतं. त्यांच्या टेबलावर गोळ्यांची बाटली नेहमीच असायची. तरी ती उठली आणि पुडा हातात धरून त्यांच्यापुढे वाकली.

“मला चालत नाही, ठाऊक आहे ना?” बाई म्हणाल्या.

“वाकायचं काम माझं. नको म्हणायचं तुमचं.”

बाईंनी पुड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नको म्हणाल्या नाहीत. एक पेढा उचलून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक तोंडात टाकला आणि दुसरा मुक्ताईच्या हातावर ठेवला.